पोटगी : अर्जापासून पैसे हातात पडेपर्यंत

पोटगी मोजली जाते ती कोर्टात अर्ज दाखल झाल्याच्या दिवसापासून. सासर कधी सुटले, पोलिसांच्या महिला कक्षात किती वेळा बोलावले, भावकीची बैठक केव्हा बसली, हे या हिशेबात येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने ४ नोव्हेंबर २०२० रोजी रजनेश विरुद्ध नेहा या निकालात हा नियम देशभरासाठी एकच करून टाकला. तरीही आपल्याकडे सातारा-सांगलीत ‘ऊसबिल आलं की बसू’, ‘यात्रेला येईल तेव्हा बोलू’ असे म्हणत अनेकजणी माहेरी वर्ष-दीड वर्ष काढतात. बोलणी जरूर करा, पण अर्ज दाखल करून करा. तडजोड झाली तर तो मागे घेता येतो. वाट पाहण्यात गेलेल्या महिन्यांचे पैसे मात्र कोणतेही कोर्ट देत नाही.

अर्ज कोणता आणि कुठे

सर्वात सरळ वाट भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १४४ची. १ जुलै २०२४ पूर्वी हेच फौजदारी प्रक्रिया संहितेचे कलम १२५ होते, आणि कोर्टाच्या आवारात आजही ‘एकशे पंचवीस’ म्हणूनच ते ओळखले जाते. पत्नी, घटस्फोटित पण पुन्हा लग्न न केलेली पत्नी, अज्ञान मुले आणि आई-वडील यांना ते लागू आहे. घटस्फोटित मुस्लिम महिलेलाही हे कलम वापरता येते, हे सर्वोच्च न्यायालयाने १० जुलै २०२४ रोजी स्पष्ट केले आहे. कौटुंबिक न्यायालयाच्या हद्दीत असाल तर अर्ज तिथे, एरवी तालुक्याच्या प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांकडे द्यायचा.

अर्ज तुम्ही आज जिथे राहता तिथे चालतो. लग्न मुंबईत झाले, नवरा पुण्यात, माहेर पाटणला, तर पाटणला अर्ज करता येतो. यात अडचण येते ती पत्त्याची, कारण आधार आणि रेशनकार्ड अजून सासरच्या पत्त्यावर असते. मुलाचा इथल्या शाळेचा बोनाफाइड दाखला, ग्रामपंचायतीचा रहिवासी दाखला, माहेरच्या पत्त्यावर आलेले बँकेचे पत्र, यांपैकी काहीतरी अर्जासोबतच जोडा. नाहीतर समोरचा वकील पहिल्याच तारखेला हद्दीचा मुद्दा काढतो आणि त्यावरच काही महिने जातात.

दुसरी वाट कौटुंबिक हिंसाचार कायदा २००५ची. कलम १२ खालचा हा अर्ज वकिलामार्फत करता येतो किंवा महिला व बालविकास विभागाच्या संरक्षण अधिकाऱ्यांकडे जाऊनही. ते घटनेचा अहवाल भरून कोर्टात पाठवतात आणि त्याचे पैसे लागत नाहीत. मारहाण, उपाशी ठेवणे, पैसे न देणे, दागिने काढून घेणे यांपैकी काहीही घडले असेल तर ही वाट सोडू नका, कारण पोटगीबरोबर राहायला जागा किंवा भाडे, स्त्रीधन परत मिळणे आणि मुलांचा तात्पुरता ताबा या एकाच अर्जात मागता येतो.

तिसरी वाट हिंदू विवाह कायद्याच्या कलम २४ची. घटस्फोटाचा किंवा नांदवण्याचा दावा आधीच चालू असेल तरच ती उघडते. दाव्याचा खर्चही तिथेच मागता येतो.

तिन्ही ठिकाणी अर्ज करायला बंदी नाही, मात्र एका कोर्टाने ठरवलेली रक्कम दुसऱ्या कोर्टात वजा धरली जाते. आधीचे आदेश लपवले तर तुमच्याच शब्दावरचा विश्वास उडतो.

महाराष्ट्रात पोटगी, घटस्फोट आणि हिंसाचाराच्या प्रकरणांत स्त्रियांना कोर्ट फी माफ आहे. वकीलही मोफत मिळतो. विधी सेवा प्राधिकरण कायदा १९८७च्या कलम १२ प्रमाणे स्त्रिया आणि मुलांना उत्पन्नाची अट नाही. सातारा आणि सांगलीच्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे किंवा तालुका कोर्टातल्या विधी सेवा समितीकडे अर्ज करा, किंवा १५१०० या क्रमांकावर फोन करा.

नवऱ्याचे उत्पन्न दाखवणारे कागद

पोटगीची रक्कम ठरते ती नवऱ्याच्या उत्पन्नावर, आणि ते जवळजवळ प्रत्येक प्रकरणात कमी सांगितले जाते. रजनेश निकालानंतर दोघांनाही मालमत्ता आणि देण्यांचे प्रतिज्ञापत्र द्यावेच लागते. शेतीवर जगणाऱ्यांसाठी वेगळा नमुना आहे. त्यात जमीन किती, बागायत की जिरायत, पिके कोणती, जनावरे किती हे विचारलेले असते. नवऱ्याने नोकरदाराचा नमुना भरून शेतीचे रकाने टाळले असतील तर लगेच हरकत घ्या.

शेतकरी नवऱ्याचे ठरलेले उत्तर असते की सातबारा वडिलांच्या नावावर आहे, माझे काही नाही. सातबारा आणि आठ-अ दोन्ही काढा. डिजिटल सही असलेला सातबारा ऑनलाइन १५ रुपयांत मिळतो. त्यापुढे जाऊन फेरफार नोंदी पाहा. कोर्टाची नोटीस लागल्यानंतर जमीन भावाच्या किंवा आईच्या नावावर फिरवली असेल, तर नोटिशीची आणि फेरफाराची तारीख शेजारी-शेजारी ठेवणे हाच तुमचा युक्तिवाद. जमीन कोणाच्याही नावावर असली तरी उसाची नोंद कोणाच्या नावावर आहे, कारखान्याचा सभासद कोण, बिल कोणत्या खात्यावर जमा होते हे वेगळे असू शकते. कारखान्याला किंवा दूध संस्थेला हा तपशील हजर करायला सांगावा, असा अर्ज कोर्टात द्या. तासगावकडचा बेदाणा आणि सांगलीच्या बाजारातली हळद यांच्या अडत्याकडच्या पट्ट्याही असाच पुरावा आहेत.

नोकरदाराच्या पगारपत्रकात खालचा आकडा पाहून घाबरू नका. आयकर, व्यवसाय कर अशा सक्तीच्या कपाती वजा होतात. स्वतःहून काढलेले कर्ज, विम्याचे जादा हप्ते, सेवक पतसंस्थेचे हप्ते सहसा वजा धरले जात नाहीत. अर्ज दाखल झाल्यावर अचानक पतसंस्थेचे मोठे कर्ज निघाले असेल तर त्याची मंजुरीची तारीख मागा.

विटा-आटपाडीकडे गलाई (सोने-चांदी गाळण्याच्या) व्यवसायातले नवरे परराज्यात असतात आणि ‘मी दुसऱ्याच्या दुकानात कामाला आहे’ असे सांगतात. दुकानाच्या पाटीवर जीएसटी क्रमांक लावणे नोंदणी झालेल्या व्यापाऱ्याला बंधनकारक आहे. पाटीचा फोटो असेल तर तो क्रमांक जीएसटी पोर्टलवर टाका. नोंदणी कोणाच्या नावावर, केव्हापासून, हे तिथे दिसते. फोटो आणि मेसेज पुरावा म्हणून देताना भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३चे प्रमाणपत्र जोडावे लागते, ते राहून गेले तर हरकत येते. मूळ मोबाइल विकू किंवा बदलू नका.

खरोखरच काही कागद मिळाला नाही तरी अर्ज कोसळत नाही. धडधाकट नवऱ्याने अंगमेहनत करूनही बायको-मुलांना पोसले पाहिजे, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये अंजू गर्ग प्रकरणात पुन्हा सांगितले. पण नुसत्या तोंडी म्हणण्यावर मिळणारी रक्कम मजुरीच्या हिशेबाने ठरते आणि ती तुटपुंजी असते.

किती मागायचे

१९७०चा कुलभूषण कुमार आणि २०१७चा कल्याण डे चौधरी या निकालांत पत्नीसाठी निव्वळ उत्पन्नाच्या २५ टक्क्यांचा आधार दिला गेला. तो अंदाज आहे, हक्काचा आकडा नाही. मुलांचे वेगळे मागा. अर्जात दर महिन्याचा खर्च ओळीने लिहा: शाळेची फी, रिक्षा, शिकवणी, दूध, गॅस, औषधे, भाडे. माहेरी राहता म्हणून भाडे शून्य लिहू नका. भावाच्या घरात तुम्ही कायमच्या राहणार आहात असा त्याचा अर्थ लावला जातो. शिवणकाम, शिकवण्या, अंगणवाडीचे मानधन जे काही मिळते ते स्पष्ट लिहा. कमावती स्त्रीही पोटगीला पात्र ठरू शकते, पण उलटतपासात लपवलेले उत्पन्न उघड झाले तर सगळा अर्ज संशयात जातो.

मुख्य अर्जासोबत त्याच दिवशी अंतरिम, म्हणजे निकाल लागेपर्यंतच्या तात्पुरत्या, पोटगीचा अर्ज द्या. नोटीस लागल्यापासून शक्यतो ६० दिवसांत त्याचा निर्णय व्हावा असे कायदा म्हणतो. प्रत्यक्षात जास्त वेळ लागतो, आणि त्याचे मोठे कारण नोटीस बजावणीच होत नाही. अर्जात नवऱ्याचे शक्य तितके पत्ते द्या: घरचा, कामाचा, शिवाय मोबाइल क्रमांक आणि ईमेल. नोटीस ‘घर बंद’ शेऱ्याने परत आली तर पुढच्या तारखेची वाट न पाहता दुसऱ्या पत्त्यावर नोटिशीचा अर्ज द्या. मुद्दाम टाळतो आहे हे कोर्टाला पटले तर एकतर्फी आदेश होतो. तो रद्द करून घेण्यासाठी नवऱ्याला तीन महिन्यांत यावे लागते.

नोटीस लागली की बऱ्याचदा उलट नांदवण्याचा दावा येतो. घाबरून ‘मी येते’ किंवा रागाने ‘मला यायचंच नाही’ असे काहीही लिहून देऊ नका. न नांदण्याचे कारण तारखांसह मांडा. नांदायला जाण्याचा हुकूम झाला आणि तरी पत्नी गेली नाही, तरी योग्य कारण असेल तर पोटगी मिळू शकते, असे सर्वोच्च न्यायालयाने १० जानेवारी २०२५ रोजी रीना कुमारी प्रकरणात म्हटले आहे.

वसुली

आदेश हातात आल्यावर खरे काम सुरू होते. कलम १४४ खाली थकलेल्या प्रत्येक महिन्याची रक्कम देय झाल्यापासून एका वर्षाच्या आत वसुलीचा अर्ज केला पाहिजे. दोन वर्षे वाट पाहून एकदम अर्ज केला तर आधीच्या महिन्यांचे वॉरंट निघत नाही. चार-सहा महिने थकले की अर्ज द्या, आणि पुढचे थकले की पुन्हा. प्रत्येक महिन्याच्या थकबाकीसाठी एक महिन्यापर्यंत कैद होऊ शकते. कैद भोगली म्हणून पैसे माफ होत नाहीत, हे १९८९च्या कुलदीप कौर निकालाने ठरलेले आहे. वॉरंट निघाले की त्याचा जावक क्रमांक लिहून घ्या आणि संबंधित पोलीस ठाण्यात स्वतः पोचपावतीसह अर्ज द्या. नाहीतर ते तिथल्या टेबलावर पडून राहते.

हिंसाचार कायद्याच्या कलम २०(६) कडे सातारा-सांगलीतल्या बायकांनी विशेष लक्ष द्यावे. नवऱ्याचा मालक, किंवा ज्याच्याकडे नवऱ्याचे पैसे येणे आहेत असा कोणीही, ती रक्कम थेट पत्नीला किंवा कोर्टात द्यावी असा आदेश न्यायदंडाधिकारी देऊ शकतात. ऊसबिल हे कारखान्याकडून नवऱ्याला येणे आहे, दुधाचे पैसे हे संस्थेकडून. गळीत हंगाम सुरू होण्याआधी हा अर्ज द्या. बिल एकदा खात्यावर जमा झाले की दुसऱ्या दिवशी शिल्लक राहत नाही.

नवरा सैन्यात असेल तर दिवाणी हुकमाने पगार जप्त होत नाही, आर्मी ॲक्ट १९५०च्या कलम २८चे संरक्षण आहे. तिथे कोर्टाच्या आदेशाची प्रत जोडून त्याच्या कमांडिंग ऑफिसरकडे अर्ज करायचा. जवानांच्या पगारातून कलम ९१ प्रमाणे आणि अधिकाऱ्यांच्या कलम ९० प्रमाणे बायको-मुलांसाठी कपात करता येते. अर्ज लिहायला जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाची मदत घ्या.

मुले आणि संमतीचा घटस्फोट

ताब्याचा अर्ज मूल नेहमी जिथे राहते तिथल्या कोर्टात चालतो. पाच वर्षांखालचे मूल सर्वसाधारणपणे आईकडे राहते. त्यापुढे मुलाचे हित पाहिले जाते: शाळा, कोण वेळ देते, मुलाला काय वाटते. फक्त जास्त कमाई आहे म्हणून ताबा मिळत नाही. भेट आणि पोटगी यांची गाठ मारू नका. भेटू देत नाही म्हणून पोटगी थांबवता येत नाही आणि पोटगी दिली नाही म्हणून भेट बंद करता येत नाही.

स्टॅम्प पेपरवर पंचांसमोर केलेली काडीमोड म्हणजे घटस्फोट नव्हे. जातीत तशी प्रथा आहे हे कोर्टात सिद्ध झाले तरच अपवाद, आणि ते सिद्ध करणे अवघड आहे. अशा कागदावर दुसरे लग्न लावले तर गुन्हा अंगावर येऊ शकतो. ‘एकरकमी घेतले, पोटगीचा हक्क सोडला’ असे लिहून घेतलेले असले तरी मुलांचा हक्क त्याने जात नाही.

संमतीने वेगळे व्हायचे तर किमान एक वर्ष वेगळे राहिलेले असावे लागते. अर्जानंतर सहा महिने थांबावे लागते, पण २०१७च्या अमरदीप सिंग निकालानुसार योग्य प्रकरणात कोर्ट ही मुदत माफ करू शकते. हुकूम होईपर्यंत कोणीही संमती मागे घेऊ शकतो, म्हणून सर्व तक्रारी आधीच मागे घेऊ नका. ठरलेल्या रकमेचा डिमांड ड्राफ्ट शेवटच्या तारखेला कोर्टासमोर घ्या. मुलांच्या खर्चात दरवर्षीची वाढ आकड्यात लिहा. पैसे हप्त्यांनी मिळणार असतील तर त्याच्या जमिनीवर बोजा ठेवण्याची अट हुकमात घाला आणि हुकमाची प्रत ग्राम महसूल अधिकाऱ्याला देऊन सातबाऱ्याच्या इतर हक्कात नोंद करून घ्या.

आदेश मान्य नसेल तर न्यायदंडाधिकाऱ्यांच्या आदेशाविरुद्ध सत्र न्यायालय. हिंसाचार कायद्यातील अपिलाला ३० दिवसांची मुदत आहे. कौटुंबिक न्यायालयाच्या आदेशाविरुद्ध उच्च न्यायालय. १८ ऑगस्ट २०२५ पासून सातारा आणि सांगलीसाठी ते मुंबईऐवजी कोल्हापूरच्या सर्किट बेंचकडे जाते. नवऱ्याने अपील केले आहे असे कळले तर आधी स्थगिती मिळाली आहे का ते ई-कोर्ट्स ॲपवर प्रकरणाचा सीएनआर क्रमांक (प्रत्येक प्रकरणाला मिळणारा स्वतंत्र क्रमांक) टाकून पाहा. स्थगिती नसेल तर वसुलीचा अर्ज चालूच ठेवा.