मसावि की लसावि? उदाहरण सोडवताना या चुका टाळा

‘सर्वांत मोठी’ दिसलं की मसावि (महत्तम सामाईक विभाजक) आणि ‘सर्वांत लहान’ दिसलं की लसावि (लघुतम सामाईक विभाज्य), अशी खूणगाठ अनेक जण मनाशी बांधून ठेवतात. सोप्या उदाहरणांत ती चालूनही जाते, म्हणूनच ती घातक आहे.

हे उदाहरण घ्या. १२, १५ आणि १८ या तिन्ही संख्यांनी निःशेष भाग जाईल अशी सर्वांत मोठी चार अंकी संख्या कोणती? ‘सर्वांत मोठी’ वाचून मसावि काढला, तर ३ येतो आणि पुढे गाडी अडते. इथे आपण शोधतोय ती संख्या भागली जाणार आहे, म्हणजे ती तिन्हींची विभाज्य आहे. लसावि १८०. ९९९९ ला १८० ने भागलं की बाकी ९९ उरते. ती वजा केली की उत्तर ९९००.

आता उलट बाजू. ८४ सेमी लांब आणि ६० सेमी रुंद कागदाचे, तुकडाही वाया न घालवता, सारख्या मापाचे कमीत कमी चौरस कापायचे आहेत. शब्द ‘कमीत कमी’, काम मात्र मसाविचं. चौरसाच्या बाजूने ८४ लाही भाग गेला पाहिजे आणि ६० लाही. चौरस कमी हवेत, तर बाजू मोठी हवी. मसावि १२, म्हणून चौरस ७ × ५ = ३५.

तेव्हा शब्द शोधू नका, एवढंच विचारा: कोण कोणाला भागतंय? आपली संख्या दिलेल्या संख्यांना भागत असेल, तर ती विभाजक आहे आणि मसाविकडे जायचं. दिलेल्या संख्या तिला भागत असतील, तर लसाविकडे. पुढच्या बहुतेक चुकाही याच प्रश्नाने पकडता येतात.

बाकी उरते तिथे

सर्वांत जास्त गोंधळ इथे होतो, म्हणून जरा थांबून पाहू.

१२९ ला भागल्यावर बाकी ३ आणि १८५ ला भागल्यावर बाकी ५ उरते, अशी मोठ्यात मोठी संख्या काढा. थेट १२९ आणि १८५ चा मसावि काढणं ही पहिली चूक. बाकी आधी वजा करायची: १२६ आणि १८०, मसावि १८.

बाकी सारखी आहे पण किती ते दिलेलं नाही, तेव्हा फरक घ्यायचे. ७७, १२५ आणि २२१ यांना भागल्यावर समान बाकी उरते असं म्हटलं, की वजाबाकी करताना ती बाकी आपोआप नाहीशी होते. फरक ४८, ९६ आणि १४४; मसावि ४८. पडताळून पाहा, तिन्ही वेळा बाकी २९ येते.

लसाविच्या बाजूला बाकी मिळवायची की वजा करायची, हा प्रश्न पडतो. ८, १२ आणि १५ ने भागल्यावर अनुक्रमे ५, ९ आणि १२ बाकी उरणारी लहानात लहान संख्या हवी आहे. बाक्या वेगवेगळ्या दिसतात, पण प्रत्येक ठिकाणी पूर्ण भाग जायला ३ च कमी पडतात. लसावि १२०, त्यातून ३ वजा, उत्तर ११७.

आणि बाकी भाजकापेक्षा लहानच असते, हे विसरू नका. ६५ ला भागल्यावर ५ बाकी उरेल असे भाजक किती? ६० चे विभाजक १२ आहेत, पण ५ पेक्षा मोठे फक्त ७. तसंच १२, १५, १८ ने भागल्यावर ७ बाकी उरणारी लहानात लहान नैसर्गिक संख्या १८७ नाही. ती खुद्द ७ आहे! १८७ हवी असेल, तर प्रश्नात ‘७ पेक्षा मोठी’ असं असायला हवं.

सूत्राचा गैरवापर

दोन नैसर्गिक संख्यांचा गुणाकार = मसावि × लसावि. दोनच. ४, ६ आणि १० चा गुणाकार २४०, मसावि २, लसावि ६०; २ × ६० = १२०. तीन संख्यांना हे सूत्र लावू नका.

दोन संख्यांचा मसावि १२ आणि बेरीज ९६ असेल, तर संख्या १२अ आणि १२ब मानतात, म्हणजे अ + ब = ८. इथपर्यंत सगळे बरोबर येतात. मग २ आणि ६ ही जोडी घेऊन २४ आणि ७२ लिहितात, पण त्यांचा मसावि तर २४ आहे. अ आणि ब सहमूळ हवेतच, म्हणजे १ शिवाय त्यांचा सामाईक विभाजक नको. म्हणून जोड्या दोनच: १२ व ८४, ३६ व ६०.

४ ने आणि ६ ने भाग जातो म्हणजे २४ ने जातो, हेही याच जातीचं. ३६ पाहा. खात्री फक्त १२ ची, म्हणजे लसाविची.

मूळ अवयव पाडताना ५१, ५७, ८७ आणि ९१ इथे हात आखडतो. या मूळ संख्या नाहीत: ३ × १७, ३ × १९, ३ × २९, ७ × १३.

आधी एकदा मोजून घ्या

तीन घंटा ६, ८ आणि १२ मिनिटांच्या अंतराने वाजतात आणि सुरुवातीला एकत्र वाजल्या. २ तासांत एकूण किती वेळा एकत्र वाजतील? लसावि २४, १२० ÷ २४ = ५, पण सुरुवातीची वेळ धरून ६. सरळ रेषेत दोन्ही टोकांना खांब असले, तरी असाच एक वाढतो. वर्तुळावर वाढत नाही.

उत्तरच नसलेली उदाहरणं

मसावि १४ आणि लसावि २०४ असलेल्या दोन संख्या शोधत बसू नका. मसाविने लसाविला भाग जायलाच हवा, आणि इथे जात नाही.

६क्ष + १५य = १०० पूर्णांकांत सोडवा म्हटलं, तरी तसंच. डावी बाजू नेहमी ३ च्या पटीत, १०० तशी नाही. भास्कराचार्यांनी बाराव्या शतकातच कुट्टक प्रकरणात (अशी समीकरणं पूर्णांकांत सोडवण्याच्या रीतीत) अशा उदाहरणाला ‘दुष्ट’ म्हटलं आहे: भाज्य आणि हर (इथे ६ आणि १५) यांना ज्या संख्येने भाग जातो, तिने क्षेपाला (इथे १०० ला) जात नसेल, तर प्रश्नच सदोष. १०० च्या जागी ९९ असते, तर ३ ने भागून २क्ष + ५य = ३३, आणि क्ष = ४, य = ५ हे एक उत्तर लगेच मिळालं असतं.