शिंगराचे जंत आणि लसी: या चुका टाळा

आमच्या इंदूरला घोड्या बहुतेक वरातीसाठीच पाळतात, त्यामुळे घोडीकडे सगळ्यांचं लक्ष असतं आणि शिंगरू आपलं आईच्या मागे वाढत राहतं. पोट गोल दिसलं की सगळे म्हणतात, दूध छान लागतंय हो. मीही तेच समजलो होतो.

पाच महिन्यांचं शिंगरू, पोट मोठं, केस रखरखीत, मधूनच खोकायचं आणि तोवर जंताचं औषध एकदाही दिलेलं नाही. कोणीतरी सांगितलं म्हणून मोठ्या घोड्याची ईव्हरमेक्टिनची पेस्ट अंदाजानेच दिली, दुसऱ्या दिवशी ते लोळायला लागलं, पोटाकडे वळून वळून बघायला लागलं. डॉक्टर येईपर्यंत उशीर झाला होता. मेलेल्या जंतांचा गोळा लहान आतड्यात अडकला होता. ते शिंगरू गेलं, आणि अजूनही आठवलं की वाईट वाटतं.

ईव्हरमेक्टिन आणि पायरँटेल या औषधांनी जंत लुळे पडतात, आणि पोट जंतांनी गच्च असेल तर सगळे एकदम सुटून आतड्याची वाट बंद करतात. फेनबेंडाझोल हे जंताचं औषध हळू काम करतं म्हणून अशा शिंगराला डॉक्टर बहुतेक तेच देतात, गोल जंतांसाठी किलोमागे १० मिलिग्रॅम, म्हणजे १०० किलोच्या शिंगराला १ ग्रॅम. पण पोट सुटलेलं असेल तर स्वतः काहीच देऊ नका, आधी डॉक्टरांना दाखवा. आपल्याला तर महूचं वेटरनरी कॉलेज जवळच आहे.

जंताच्या औषधाचा पहिला डोस शिंगरू साधारण २ ते ३ महिन्यांचं असताना, दुसरा ४ ते ६ महिन्यांत, आईपासून तोडायच्या सुमाराला. दर महिन्याला पाजत बसू नका, जंतांना औषधाची सवय होते, आणि ईव्हरमेक्टिनला दाद न देणारे गोल जंत बऱ्याच देशांत सापडलेत. लीद तपासून घ्या, पण एक महिन्याच्या शिंगराचा रिपोर्ट साफ आला म्हणून निश्चिंत होऊ नका कारण हा जंत पोटात गेल्यावर अंडी घालायला अडीच-तीन महिने लागतात. ही अंडी मातीत वर्षानुवर्षं टिकतात, म्हणून ठाणावरची लीद रोज उचला. आणि गाईचं ईव्हरमेक्टिनचं इंजेक्शन घोड्याला टोचायचं नाही, त्या जागी सूज येते, कधी जीवघेणं इन्फेक्शनही होतं.

आता लसींचं. सगळ्यात मोठा घोळ धनुर्वाताच्या दोन इंजेक्शनांत होतो, मेडिकलवाल्याकडे नुसतं टिटॅनसचं द्या म्हटलं की जे मिळेल ते घेऊन येतात. अँटिटॉक्सिन लगेच काम करतं पण दोन-तीन आठवड्यांपुरतंच, टॉक्सॉइड म्हणजे खरी लस, ती वेळ घेते पण टिकते. घोडीला लस झालेली नसेल तर शिंगराला जन्मल्यावर अँटिटॉक्सिन द्यायचं का हे डॉक्टरांना विचारा. घोडीला विण्याच्या ४ ते ६ आठवडे आधी टॉक्सॉइडचा बूस्टर दिला तर चिकातून, म्हणजे पहिल्या दुधातून, शिंगराला संरक्षण मिळतं. मात्र चीक पहिल्या काही तासांतच पोटात जायला हवा, साधारण २४ तासांनंतर आतडं त्यातलं संरक्षण शोषून घेत नाही. मग शिंगराचा पहिला टॉक्सॉइड ४ ते ६ महिन्यांत, दुसरा ४ ते ६ आठवड्यांनी, तिसरा १० ते १२ महिन्यांचं झाल्यावर. फार लवकर दिला तर आईकडून आलेलं संरक्षणच लसीला काम करू देत नाही. घोडीला लस झालीच नसेल तर शिंगराला लवकर सुरू करावी लागते, म्हणून घोडीच्या लसीची तारीख वहीत लिहून ठेवा. दुसरा डोस लोक हमखास विसरतात, आणि एकाच डोसावर पुरेसं संरक्षण मिळत नाही. रेबीजचंही विचारून घ्या, रस्त्यावर कुत्री कमी नाहीत.

लस २ ते ८ डिग्रीत ठेवायची, बर्फात गोठू द्यायची नाही. मे महिन्यात सियागंजच्या बाजाराकडून तबेल्यापर्यंत खिशात घालून आणलेल्या लसीवर मी तरी विश्वास ठेवत नाही, छोटा थर्मास आणि आइसपॅक घेऊन जा, बाटली बर्फाला टेकू नये म्हणून मध्ये कापड ठेवा.