थंडीत जुना ट्रॅक्टर सेल्फ घेतो पण सुरू होत नाही? आधी धूर बघा

डिसेंबर-जानेवारीत पुण्याच्या आसपास, शिरूर-जुन्नरकडं तर जास्तच, पहाटे पारा दहाच्या खाली आला की जुन्या ट्रॅक्टरवाल्यांचं तेच चालू होतं, सेल्फ मारमारून बॅटरी उतरवायची आणि मग शेजाऱ्याचा ट्रॅक्टर आणून साखळीनं ओढायचा. वर लोक सांगणार, इंजिन म्हातारं झालं, विकून टाका. मला हे अजिबात पटत नाही. बऱ्याचदा इंजिन ठणठणीत असतं, थंडीसाठी कंपनीनं जी सोय दिलेली असते तिचीच वायर कुणीतरी कधीतरी काढून ठेवलेली असते.

डिझेल इंजिनाला स्पार्क प्लग नसतो हे माहितीच आहे, हवा दाबून दाबून एवढी तापवायची की फवारलेलं डिझेल आपोआप पेटलं पाहिजे. आता ब्लॉक गार असला की ती गरमी हेड-लायनर-पिस्टन पिऊन टाकतात, आणि सेल्फ हळू फिरला तर दाबलेल्या हवेला रिंगांच्या फटीतून निसटायला वेळ मिळतो. म्हणून थंडीत दोनच गोष्टी लागतात, इंजिन जोरात फिरलं पाहिजे आणि आत गरमी पाहिजे.

पाना हातात घ्यायच्या आधी कुणालातरी सायलेन्सरकडं बघत उभं करा आणि सेल्फ मारा. पांढरा धूर येतोय म्हणजे डिझेल पोचतंय पण पेटत नाहीये, मग पंपाचे, नोझलचे (डिझेल फवारणारा भाग) नट सोडून एअर काढत बसू नका, सकाळ वाया जाते. धूरच नाही म्हणजे डिझेल पोचतच नाही. तेव्हा आधी स्टॉपचा नॉब (इंजिन बंद करायला ओढतो तो) पूर्ण आत गेलाय का बघा (केबल गंजून अर्ध्यात अडकते), मग फिल्टरचा एअर स्क्रू सैल करून फीड पंपाचा (टाकीतून डिझेल ओढणारा छोटा पंप) हातलिव्हर मारा, बुडबुडे थांबून नुसतं डिझेल यायला लागलं की स्क्रू आवळा.

पांढरा धूर असेल तर तुमच्या इंजिनाला हीटिंगची कुठली सोय आहे ते ओळखा. पर्किन्सचं तीन सिलिंडर इंजिन असलेल्या जुन्या मॅसी ३५ ला इनटेक मॅनिफोल्डमध्ये थर्मोस्टार्ट असतो. आत कॉइल असते, ती लाल झाली की छोटा व्हॉल्व उघडून डिझेल ठिबकतं, पेट घेतं आणि इंजिनात जाणारी हवा गरम होते. चावी हीटवर १५ ते २० सेकंद धरायची, मगच सेल्फ. चालतोय का बघायचं तर एअर क्लीनरचा पाइप काढा, चावी हीटवर ठेवा आणि बाजूनं वाकून बघा, तोंड लांब ठेवा. कॉइल लाल होतेय पण सेल्फ फिरवूनसुद्धा जाळ नाही म्हणजे त्याला डिझेल मिळत नाहीये, लाइन नाहीतर छोटी टाकी कोरडी. लालच होत नसेल तर वायर नाहीतर कॉइल गेली.

जुना महिंद्रा बी-२७५ वेगळा. बॉनेटवर डीआय (डायरेक्ट इंजेक्शन, म्हणजे डिझेल थेट सिलिंडरमध्ये फवारणारं) लिहिलेलं नसेल तर डिझेल आधी छोट्या चेंबरमध्ये पेटतं, तिथं गरमी जास्त वाया जाते, त्यामुळं हीटर प्लगशिवाय (चेंबर तापवणारे विजेचे प्लग) थंडीत तो नीट सुरू होतच नाही. आणि दोन टोकांचे जुने प्लग सिरीजमध्ये जोडलेले असतात, एक जळला की चारही बंद! एकेक काढून बॅटरीला लावून बघू नका, ते कमी व्होल्टचे असतात, उडतील. मीटरनं कंटिन्युइटी, म्हणजे आतली तार सलग आहे का, चेक करा.

बॅटरी नवीन असूनही सेल्फ रडत फिरत असेल तर अर्थची पट्टी (बॅटरीपासून चॅसीला जाणारी) बघाच. दहा सेकंद सेल्फ मारून लगेच जाड वायरींच्या टोकांना हात लावा, जिथं चटका बसेल तिथं करंट अडतोय. चॅसीवर पट्टी बसते तिथला रंग आणि गंज पार चमकेपर्यंत पॉलिश पेपरनं घासा. मीटर असेल तर सेल्फ फिरताना बॅटरीवर साडेनऊ-दहा व्होल्टच्या खाली जाता कामा नये. क्लच दाबून ठेवा, गिअरबॉक्समधलं गार घट्ट ऑइल फिरवायचा भार वाचतो. एका वेळी १५ सेकंदाच्या वर सेल्फ नको, मध्ये मिनिटभर थांबा.

घाई असेल तर रेडिएटर आणि ब्लॉकचं पाणी काढून हाताला सोसेल इतकं गरम पाणी भरा आणि दहा मिनिटं जाऊ द्या. उकळतं कधीच नको, गार ब्लॉकला तडा जातो.

आता कळकळीनं सांगतो, स्टार्टिंग स्प्रे किंवा पेट्रोलचा बोळा हवेच्या तोंडाशी धरायची सवय सोडा. हीटर किंवा थर्मोस्टार्ट गरम असताना ती वाफ आत गेली तर मॅनिफोल्डमध्येच भडका होतो, आणि पिस्टन वर यायच्या आतच पेटली तर रिंगा तुटतात, पिस्टनच्या लँड (रिंगांच्या खाचांमधल्या कडा) फुटतात, मग खरंच इंजिन खोलायची वेळ येते.

सुरू झाल्यावर लगेच रेस करू नका, ऑइल प्रेशर वर येऊ द्या. थोडा वेळ खडखड आणि पांढरा धूर राहणारच, इंजिन गरम झालं की जातो.

भर दुपारीसुद्धा लांब सेल्फ लागत असेल तर मात्र दोष थंडीचा नाही. नोझल काढून कॉम्प्रेशन गेज लावा, मग त्या सिलिंडरमध्ये चमचाभर इंजिन ऑइल टाकून परत मोजा (स्टॉप ओढलेला ठेवून). आकडा चढला तर रिंगा-लायनर, नाही चढला तर व्हॉल्व नाहीतर गॅस्केट, आणि मेकॅनिकला गाडी देताना हे दोन्ही आकडे लिहूनच द्या.