नंबर जुळला म्हणजे चेन जुळली असं नाही: चेनसॉची चेन जोडताना या चुका टाळा

"पिच तोच, गेज तोच, मग जोडायला काय हरकत आहे?" पावसाळ्याच्या तोंडावर दिवसातून दोनदा तरी हा प्रश्न येतो. विचारणाऱ्याच्या एका हातात तुटलेली चेन असते, दुसऱ्या हातात भलत्याच कंपनीच्या चेनचा वीतभर तुकडा, आणि बाहेर टेम्पो चालूच ठेवलेला असतो. काम दहा मिनिटांत हवं असतं. दापोलीकडे चेनसॉ दुरुस्त करत बसलेला मी माणूस. तेच तेच सांगून घसा बसला, म्हणून एकदाच लिहून काढतोय.

आधी चेन नीट बघा. मशीनच्या पुढे आलेली, चेन जिच्यावरून फिरते ती लांब पट्टी म्हणजे बार. त्याच्या खाचेतून पळतात त्या ड्राइव्ह लिंक. त्यांना दोन्ही बाजूंनी धरणाऱ्या पट्ट्या म्हणजे टाय स्ट्रॅप. मग डावे-उजवे दात, आणि हे सगळं ओवणारे रिव्हेट. लागोपाठच्या तीन रिव्हेटमधलं अंतर मोजून निम्मं केलं की पिच मिळतो, आणि ड्राइव्ह लिंकच्या पायाची जाडी म्हणजे गेज. खोक्यावर छापलेलं असतं ते एवढंच. रिव्हेट किती जाड, स्ट्रॅपचं भोक केवढं, स्ट्रॅपची उंची किती, यातलं काही खोक्यावर नसतं. ते प्रत्येक कंपनीचं वेगळं, आणि एकाच कंपनीच्या दोन जातींच्या चेनमध्येही वेगळं असू शकतं.

एकाच्या चेनला दुसऱ्याचा रिव्हेट

ही चूक मी स्वतः केलेली आहे, तेव्हा लांबण लावणार.

३ जून २०२० ला निसर्ग वादळ रायगडच्या किनाऱ्यावर चढलं. दापोली-मंडणगडात सुपारी आणि नारळाच्या बागा आडव्या झाल्या, घराघरावर आंबे-फणस पडले. वीज गेली ती गेलीच. त्यात लॉकडाऊन, म्हणजे मुंबईहून सुटे भाग यायचं नाव नाही. आणि अख्ख्या तालुक्याला त्याच आठवड्यात चेनसॉ हवी. दुकानापुढे सकाळी सहाला माणसं उभी असायची.

त्यातलाच एक बागायतदार. अंगणातला हापूस पडवीवर कलंडलेला, त्यात कुणी तरी कधी काळी दोरी बांधायला ठोकलेला खिळा. चेन त्यावर गेली आणि तुटली. तीन अष्टमांश इंच पिच, १.५ मिलिमीटर गेज. माझ्याकडे त्या कंपनीचे टाय स्ट्रॅप संपलेले, पण दुसऱ्या कंपनीचं एक पाकीट शिल्लक होतं, पिच-गेज तेच. स्ट्रॅप घातला तर रिव्हेट ड्राइव्ह लिंकच्या भोकात जरा खुळखुळला. अगदी जरासा. मला तो कळला होता, हे कबूल करतो. पण बाहेर दहा माणसं उभी होती. मनात म्हटलं, ठोकला की भरेल.

ठोकल्याने रिव्हेटची टोकं फुगतात, मधला भाग नाही. रिव्हेट मध्ये जाड असतो, ड्राइव्ह लिंक त्या जाड भागावर फिरते. दोन्ही टोकं बारीक असतात, ती स्ट्रॅपच्या भोकांत बसतात. मधला भाग ड्राइव्ह लिंकपेक्षा केसभर रुंद ठेवलेला असतो, म्हणून डोकं आवळलं तरी लिंक मोकळी राहते. हा मधला भाग भोकापेक्षा बारीक असला तर हातोडीने त्यावर काही इलाज होत नाही. सेकंदाला वीसेक मीटरने पळणाऱ्या चेनमध्ये तो सांधा प्रत्येक फेरीला स्प्रॉकेटवर, म्हणजे चेन फिरवणाऱ्या दातेरी चाकावर, आपटत राहतो आणि भोक लांबट होत जातं.

पहिले दोन दिवस चेन चालली. सुपाऱ्या कापून झाल्या, मालक खूश. तिसऱ्या दिवशी हापूसच्या बुंध्यात सांधा सुटला. मोठा तुकडा मशीनच्या चेन कॅचरने अडवला, त्याचं काम त्याने केलं. पण स्ट्रॅपचा अर्धा तुकडा उडाला तो सरळ पडवीच्या पत्र्यातून आरपार. मशीन धरणारा पोरगा बाजूला उभा होता, बारच्या रेषेत नव्हता, म्हणून मी आज हे शांतपणे लिहू शकतोय. त्यांनी ती चेन परत आणून दिली, आरडाओरडा केला नाही. केला असता तर बरं वाटलं असतं. भोक बघितलं तर गोल राहिलंच नव्हतं, जोंधळ्याच्या दाण्यासारखं झालेलं.

तेव्हापासून दुकानात एक पद्धत आहे. मेलेल्या चेन फेकत नाही. जातीप्रमाणे वेगवेगळ्या खिळ्यांवर टांगतो, प्रत्येकीला पुठ्ठ्याची चिठ्ठी. ड्राइव्ह लिंक किंवा दात हवा असेल तर त्याच जातीच्या जुन्या चेनमधून काढायचा, आणि रिव्हेट लावलेले टाय स्ट्रॅप मात्र त्याच कंपनीचे, त्याच चेनचे, नवे कोरे. जुन्या रिव्हेटचं डोकं घासून काढलं की तो रिव्हेट संपला. त्याला पुन्हा डोकं फुटत नाही, कितीही ठोका. स्ट्रॅप नसेल तर चेन जोडत नाही. सहा-सातशेच्या चेनसाठी पत्र्याला आणखी भोकं पाडायची हौस नाही.

दोन कंपन्यांचे अर्धे-अर्धे तुकडे जोडून पूर्ण चेन करणारे तर वेगळेच महाभाग. तुकड्यातली झीज सारखी नसते. जुनी चेन "ताणते" म्हणजे पोलाद ताणत नाही, रिव्हेट आणि भोकं झिजून प्रत्येक सांध्यात केसभर अंतर वाढतं. अर्धी चेन वाढलेली आणि अर्धी कोरी असली तर स्प्रॉकेटने कुणाचं ऐकायचं? शिवाय स्ट्रॅपची आणि दातांची उंची वेगळी असेल तर एक तुकडा बारच्या काठावर टेकून चालतो आणि दुसरा डुलत. कापताना मशीन हातात थरथरते आणि लोक कार्बोरेटर पिळत बसतात.

एका घावात रिव्हेट बसवणं

दुसरी माझी लाडकी चूक. मोठी हातोडी घेतात, रूळाच्या तुकड्यावर चेन ठेवतात आणि हाणतात. रिव्हेट बसतो, चांगलाच बसतो, पण सांधा मेलेला असतो. चेन उभी धरून बोटावरून सोडा. बाकीची साखळी पाण्यासारखी खाली पडते आणि तो एक सांधा वाकडं बोट उभं राहावं तसा उभा राहतो. अशी चेन बारच्या नाकावरून वळताना तिथे वळत नाही. बार नाकाशी तापून निळा पडतो आणि चेन तुटते ती बहुतेक त्या सांध्याच्या शेजारी. मग म्हणणार, "तुमचा सांधा टिकला, कंपनीची चेनच खराब." नाही राव, सांध्यानेच शेजारी मारला.

माझी सवय सांगतो. दोनशे ग्रॅमची गोल डोक्याची हातोडी, खाली सपाट ऐरण, आणि डोक्याच्या कडेकडेने फिरवत हलक्या टिचक्या. पाच टिचक्या मारल्या की सांधा हलवून बघायचा. पुन्हा पाच. डोकं हळूहळू छत्रीसारखं पसरतं. सांधा स्वतःच्या वजनाने पडला पाहिजे, पण स्ट्रॅप डावीकडे-उजवीकडे खुळखुळता कामा नये. डोक्याला बारीकशी जरी चीर दिसली तरी ग्राइंडरने उडवून नवा स्ट्रॅप. मी २०२० नंतर रिव्हेट फिरवून बसवायचं यंत्र घेतलं, त्याने डोकं गोल आणि गुळगुळीत येतं. पण हातोडीनेही उत्तम काम होतं. घाई मात्र चालत नाही, आणि घाई तर सगळ्यांनाच असते. यूट्यूबवर तीस सेकंदांत चेन जोडणारी माणसं बघून आलेली पोरं माझ्या टिचक्या मोजत उभी राहतात.

काढतानाही तेच. डोकं आधी स्ट्रॅपच्या सपाटीपर्यंत घासा, मग पंचाने हलकेच ढकला. न घासता पंच हाणला की स्ट्रॅप वाकतो आणि त्याबरोबर शेजारच्या ड्राइव्ह लिंकचं भोकही. घासायच्या आधी चष्मा, आणि चेन मशीनवर असेल तर प्लगची कॅप काढून ठेवा.

आकडा चुकीच्या जागी वाचणं

स्टिल (Stihl) कंपनीच्या चेनवर ड्राइव्ह लिंकवर एक आकडा असतो आणि दातावर एक. लिंकवरचा आकडा गेजचा: ३ म्हणजे १.३ मिलिमीटर, ५ म्हणजे १.५, ६ म्हणजे १.६. दातावरचा आकडा पिचचा: २ म्हणजे ०.३२५ इंच, ३ म्हणजे तीन अष्टमांश, आणि ६ म्हणजे तीन अष्टमांशाची बुटकी जात, जी लहान मशीनवर येते. आता गंमत बघा. लहान मशीनच्या चेनवर दातावर ६ आणि लिंकवर ३ असतो. आपला माणूस लिंकवरचा ३ वाचतो, त्याला तीन अष्टमांश समजतो, आणि मोठ्या मशीनच्या जाड चेनचा तुकडा घेऊन येतो. पिच खरोखरच जुळतो, दोन्ही ९.३२ मिलिमीटर! पण बुटक्या चेनची लिंक वेगळी, स्ट्रॅप वेगळे, स्प्रॉकेट वेगळं. ओरेगॉन कंपनीच्या चेनमध्ये ९१ म्हणजे हीच बुटकी, १.३ गेजची, ७३ म्हणजे पूर्ण उंचीची तीन अष्टमांश, १.५ ची, २१ म्हणजे ०.३२५, १.५ ची. पाठ करायची गरज नाही, व्हर्नियर घ्या. तीन रिव्हेटमध्ये १६.५ मिलिमीटर आले तर ०.३२५, १८.६ आले तर तीन अष्टमांश. डोळ्याला हा दोन मिलिमीटरचा फरक दिसत नाही, दिसतो म्हणणाऱ्यांच्या चेन मी रोज कापून काढतो.

गेजचं अजून एक. १.३ ची लिंक १.५ च्या बारमध्ये आरामात बसते, म्हणून लोकांना वाटतं चालेल. ती खाचेत कलते, काप तिरका जातो आणि बारचे काठ बाहेरच्या बाजूला पसरतात. उलटं, १.३ च्या चेनमध्ये १.५ ची एकच लिंक आली तर झिजलेल्या बारमध्ये ती थोडी पुढे सरकते आणि जिथे खाच कमी झिजली आहे तिथे अडकते.

बाकीच्या, पटापट

नवा दात घातला की तो शेजारच्या झिजलेल्या दातांइतका कानसून आखूड करा, त्याच्या पुढची डेप्थ गेजची बोंडी (दात लाकडात किती खोल जाईल ते ठरवते ती) हीही त्याच मापाने खाली आणा. नाहीतर तो एकटाच लाकूड खातो आणि प्रत्येक फेरीला झटका देतो.

कानस चेनप्रमाणे: बुटक्या तीन अष्टमांशाला ४ मिलिमीटर, ०.३२५ ला ४.८.

स्ट्रॅपची खालची बाजू बारकडे. उलटा बसवलेला मी पाहिला आहे, तोही "अनुभवी" माणसाने.

दोन चेन संपल्या की स्प्रॉकेट बदला. झिजलेल्या स्प्रॉकेटवर नवी जोडलेली चेन म्हणजे पैसे पाण्यात.

गरम चेन आवळून तशीच रात्रभर ठेवू नका. गार झाली की आखडते आणि सगळा ताण मशीनच्या शाफ्टवर येतो.

चेनला जळकं ऑइल घालणं. यावर बोलणं सोडून दिलंय.

"एकाच बाजूचे दोन दात आले, चेन खोटी आहे"

नाही. चेनमध्ये एक डावा दात, स्ट्रॅप, एक उजवा दात, स्ट्रॅप असा चार ड्राइव्ह लिंकचा फेरा असतो. बावीस इंची चायना मशीनची चेन बहुधा ८६ लिंकची. ८६ ला चारने भाग जात नाही, दोन उरतात, म्हणून कारखान्यातूनच एका जागी सारख्या बाजूचे दोन दात येतात. लांबी लिंक मोजूनच ठरवा, दात मोजून नाही. तीच चेन वीस इंची बारसाठी आखूड करायची तर ७६ लिंक, तिथे फेरा बरोबर बसतो.

डावा-उजवा ही युक्ती मुळात अळीची. अमेरिकेतल्या ओरेगॉन राज्यात जोसेफ कॉक्स नावाच्या लाकूडतोड्याला १९४६ साली एका ओंडक्यात भुंग्याची अळी लाकूड पोखरताना दिसली. तिचे वाकडे जबडे डावीकडे-उजवीकडे चालत लाकडातून वाट काढत होते. त्याने तसेच दात पोलादात केले आणि १९४७ मध्ये चेन विकायला सुरुवात केली. आपल्याकडे नारळाच्या शेंड्यात गेंड्या भुंगा सापडला की आपण आकड्याने ओढून चिरडतो. असो.

दुकानात येताना चेनबरोबर बारही आणा, आणि तुटलेले तुकडे सगळे, "छोटा होता म्हणून टाकला" तोसुद्धा. फोनवर फोटो पाठवणार असाल तर ड्राइव्ह लिंकवरचा आकडा स्पष्ट दिसेल असा पाठवा. खोक्याचा फोटो नको, खोक्यात कालच दुसरी चेन ठेवलेली असते.