लॉकपिकिंग शिकताय आणि कुलूप उघडतच नाहीये? या चुका टाळा

दांडिया बाजारात घर, मकरपुऱ्याला नोकरी, आणि रात्री जेवणं आटोपली की मी टीव्हीसमोर बसून किल्लीशिवाय कुलपं उघडतो. स्वतःचीच, किल्ली खिशात असलेली. बायको म्हणते वेड आहे, शेजारच्यांना वाटतं याच्या किल्ल्या सारख्या हरवतात. तीन वर्षं झाली या छंदाला, त्यातले पहिले चार महिने निव्वळ वाया गेले, कारण मला वाटत होतं की माझी हत्यारं हलकी आहेत, म्हणून मी नवीन सेट मागवत राहिलो आणि कुलूप काही उघडेना. हत्यारं ठीकच होती हो. आधी कुलूप चुकीचं होतं आणि नंतर डावा हात चुकत होता. बडोद्यात आपल्यापैकी अजून दोघं-तिघं आता हे शिकतायत आणि तेच तेच विचारतात, म्हणून एकदाच सगळं लिहून टाकतो.

हातात कुठलं कुलूप आहे तेच माहीत नसणं

ऑनलाईन सेट मागवला की त्यासोबत एक पारदर्शक प्लॅस्टिकचं कुलूप येतं. ते दहा मिनिटांत उघडतं, आपण खुश, आणि मग आपण माळ्यावरचं आजोबांच्या वेळचं कुलूप काढतो. मी नवताल काढलं होतं. तीन आठवडे, रोज एक तास, काहीही नाही. क्लिक नाही, हालचाल नाही, मला वाटायला लागलं माझ्या बोटांना संवेदनाच नाहीत.

तर झालंय असं की परदेशातले सगळे व्हिडिओ पिन टम्बलर कुलपावर असतात आणि आपल्याकडच्या घरांत, दुकानांच्या शटरवर, गोडाऊनवर जी कुलपं लागतात त्यात लिव्हरची कुलपं भरपूर असतात, नवताल काय किंवा अलीगढची कुलपं काय. कुलपावरच छापलेलं असतं बघा, ६ लिव्हर, ७ लिव्हर. आपण वाचतो आणि त्याचा अर्थ मजबूत एवढाच घेतो. पण आतली रचनाच वेगळी आहे. पिनवाल्यात तुम्ही मधला गोल भाग फिरवता. लिव्हरवाल्यात आत पत्र्याच्या पट्ट्या एकावर एक असतात, प्रत्येक पट्टी बरोब्बर तेवढ्याच उंचीला उचलली की बोल्टला सरकायला वाट मिळते, आणि जोर त्या बोल्टवर द्यावा लागतो. सेटमधली वाकडी पट्टी (टेन्शन रेंच, जिने फिरवायचा जोर देतात; पुढे पट्टी म्हटलं की हीच) त्या बोल्टपर्यंत पोचतच नाही, म्हणजे तुम्ही जोर देताय असं फक्त तुम्हाला वाटतं.

ओळखायचं कसं, तर किल्ली बघा. पूर्ण लांबीला वरच्या कडेवर डोंगर-दऱ्या आणि बाजूला खाचा असतील, भोक अरुंद आणि नागमोडी असेल तर पिनवालं. दात फक्त टोकाला आणि मधे नुसती दांडी असेल तर लिव्हरवालं. आणि किल्ली सपाट असून तिच्यावर छोटे छोटे खड्डे असतील तर ती डिंपल किल्ली, तिच्या वाटेला पहिल्या वर्षी जाऊच नका.

सुरुवातीला मांडवीकडच्या कुठल्याही हार्डवेअरच्या दुकानातून पितळेचं छोटं, चार पिनचं कुलूप घ्या. दोन घ्या, एक नंतर खोलून बघायला. त्या प्लॅस्टिकच्या कुलपाचा उपयोग आत काय होतं ते बघण्यापुरताच, हाताला त्यातून काही कळत नाही, भोकं इतकी सैल असतात की सगळंच हलतं.

(लिव्हरवाली उघडतच नाहीत असं नाही हं. १८५१ मध्ये लंडनच्या मोठ्या प्रदर्शनाच्या वेळी अल्फ्रेड हॉब्ज नावाच्या अमेरिकन माणसाने चब कंपनीचं प्रसिद्ध डिटेक्टर कुलूप साक्षीदारांसमोर उघडून दाखवलं, आणि ते लिव्हरचंच होतं. मग त्याने ब्रामा कंपनीचं कुलूप घेतलं, जे त्यांच्या दुकानाच्या खिडकीत कित्येक दशकं २०० गिनींच्या बक्षिसासकट पडून होतं. त्याला १६ दिवसांत मिळून ५१ तास लागले. मी तीन आठवड्यांत रडलो होतो.)

डावा हात

इथे जरा थांबून वाचा, कारण माझ्या मते निम्म्याहून जास्त तक्रारी इथून येतात.

पिनवालं कुलूप उघडतं ते मुळात कारखान्यातल्या बारीक चुकीमुळे. लायनस येल (धाकटा) या अमेरिकन कुलूपवाल्याने १८६० च्या दशकात आज आपण वापरतो ती रचना बसवली: आत ओळीने पाडलेल्या प्रत्येक भोकात खाली किल्लीची पिन, वर ड्रायव्हर पिन, त्यावर स्प्रिंग. किल्ली घातली की दोन्ही पिनांमधल्या सगळ्या फटी एका रेषेत येतात, तीच शिअर लाईन, आणि प्लग, म्हणजे तो मधला गोल भाग, फिरतो. पण ती भोकं कधीच अगदी सरळ रेषेत पाडलेली नसतात, केसभर इकडे तिकडे असतात. म्हणून प्लगला हलकंसं फिरवून धरलं की सगळ्या पिना एकदम अडकत नाहीत, आधी एकच अडकते. ती उचलून बसवली की प्लग केसभर फिरतो आणि दुसरी अडकते. आणि क्रम पुढून मागे असतो असंही नाही, तिसरी, मग पहिली, मग चौथी, कसाही.

आता तुम्ही डाव्या हाताने पट्टी दाबून धरलीत तर काय होणार, सगळ्या पिना एकदम जाम. मग पिकने (उजव्या हातातली पिना उचलायची बारीक सळई) जोर लावता, पिक वाकतो, तुम्ही अजून दाबता. मी हेच केलं चार महिने. पट्टीवर जोर किती पाहिजे ते शब्दांत सांगणं कठीण आहे पण बडोदेकरांना सांगता येईल: उत्तरायणला पतंग वर स्थिर असताना मांजावर आपलं बोट जेवढं टेकलेलं असतं ना, पतंग ओढतोय ते कळतं पण बोट कापत नाही, तेवढाच. पट्टीवरच्या बोटाचं नख पांढरं पडलं असेल तर जास्त झालं. आणि ढील द्यायला पण शिकावं लागतं, त्याचं पुढे सांगतो.

कुलूप काय म्हणतंय ते असं ओळखा. एकेक पिन पिकने हळूच वर ढकलून बघा. सगळ्या स्प्रिंगसारख्या उडतायत, एकही कडक नाही, तर जोर कमी पडतोय किंवा पट्टी कुलपाच्या बाहेरच्या अंगाला घासतेय आणि सगळा जोर तिथेच जातोय, हे दुसरं फार जणांचं होतं आणि कुणाच्या लक्षात येत नाही. सगळ्या दगडासारख्या, तर जोर जास्त. एक कडक आणि बाकीच्या उडणाऱ्या, तर झकास, तीच कडक उचला. बारीक क्लिक होईल, प्लग जरासा सरकेल. बसलेली पिन नंतर हातालाच कळते, स्प्रिंगचा दाब जातो आणि ती थोडी डुलते.

कधी कधी सगळं बसल्यासारखं वाटतं आणि तरी उघडत नाही. बहुतेक वेळा एखादी पिन जास्त वर गेलेली असते, म्हणजे किल्लीची पिनच शिअर लाईन ओलांडून वर अडकली. इथे घाईने सगळं सोडून देऊ नका. पट्टीवरचा जोर हळूहळू, अगदी हळूहळू कमी करा आणि कान द्या, एक टक् आला की थांबा, बहुतेक तीच पिन पडली, बाकीच्या अजून जागेवर असतील.

फॉल्स सेटला घाबरणं

थोडं बरं कुलूप घेतलं की फॉल्स सेट, म्हणजे सगळं बसल्याचा नुसता भास, होतोच. प्लग एकदम चांगला फिरतो, चारपाच अंश, मनात दिवाळी, आणि मग ठप्प. लोक समजतात कुलूप बिघडलं किंवा पिन जास्त वर गेली आणि परत पहिल्यापासून सुरू करतात. अहो तुम्ही जवळजवळ पोचलेले असता! आत स्पूल पिन आहे, दोऱ्याच्या रिळासारखी, मधे बारीक, तिची कंबर अडकलीय. आता प्रत्येक पिन हळू दाबून बघा, ज्या पिनला दाबल्यावर प्लग उलटा मागे सरकायला बघतो ती स्पूल. पिकने तिला वर ढकलत राहायचं आणि डाव्या हाताने ढील द्यायची, प्लगला मागे जाऊ द्यायचं. नवीन माणूस नेमका इथेच पट्टी घट्ट धरतो कारण मिळालेलं सोडवत नाही. ढील देताना एखादी दुसरी पिन पडेल, पडू दे, ती परत बसवता येते.

हत्यारांचा सोस

चोवीस नगांच्या सेटमधले वीस नग मी वर्षभरात हातात धरलेले नाहीत. एक छोटा हुक, एक जरा उंच हुक, दोन-तीन पट्ट्या, झालं. रेक म्हणजे करवतीसारखा नागमोडी असतो तो, तो खरखर फिरवून स्वस्त कुलूप उघडतं, मजाही येते, पण त्यातून शिकायला काही मिळत नाही, सेव उसळ खाऊन पोट भरलं म्हणून स्वयंपाक आला असं होत नाही तसंच. पिकची जाडी मात्र बघा. साधारण ०.६ मिमीचा बहुतेक ठिकाणी चालतो, पण भोक अरुंद असेल तर ०.४५ चा लागतो, नाहीतर पिक कडांनाच घासतो आणि ते घासणं तुम्हाला पिन वाटते.

पट्टी नेहमी भोकाच्या खालच्या टोकाला घालतात, छोट्या कुलपात तिथे पट्टी गेली की पिकला जागाच उरत नाही. तिथे पिनांच्या बाजूला, वरच्या टोकाला बसणारी सपाट पट्टी वापरा. गाडीच्या जुन्या वायपरच्या रबरात स्टीलची लांब पट्टी असते, ती गॅरेजवाला फुकट देतो, तिच्यापासून मस्त बनते. हॅकसॉच्या ब्लेडचा पिकही बनतो पण ग्राइंडरवर घासताना ब्लेड निळं पडलं की त्याचं पाणी उतरलं, मग ते चमच्यासारखं वाकतं. दर दोन-तीन सेकंदांनी पाण्यात बुडवा. माझी पहिली तीन ब्लेडं अशीच गेली.

तेल

खोबरेल तेल घालू नका. हात जोडून सांगतो. आपल्याकडे काहीही अडकलं की खोबरेल, आणि ते साधारण २४ अंशांखाली गोठतं, म्हणजे डिसेंबरच्या सकाळी कुलपात तूप झालेलं असतं आणि त्यावर वर्षभराची धूळ. पिना आळशी झाल्या की क्लिक कळत नाही. आधीच तेलकट असेल तर स्प्रे क्लीनरने धुवून वाळू द्या, मग ग्रॅफाइटची पूड. पण तेलावर ग्रॅफाइट टाकलंत तर काळा चिखल होतो, दोन्हींपैकी एकच काहीतरी.

वापरातलं कुलूप

जगभर हा छंद करणाऱ्यांचे दोन नियम आहेत: जे कुलूप तुमचं नाही ते परवानगीशिवाय उघडायचं नाही, आणि जे वापरात आहे ते तर उघडायचंच नाही, स्वतःचं असलं तरी. पहिला सगळ्यांना पटतो. दुसरा मी मोडला.

देवदिवाळीचा दिवस होता, रावपुऱ्यात आत्याकडे गेलो होतो, संध्याकाळी नरसिंहजींचा वरघोडा, म्हणजे मिरवणूक, बघायला सगळे निघणार. आत्या साडी नेसत होती तेवढ्यात मी म्हटलं दाराचं लॅच करून बघू, आणि पिकचं टोक आत तुटलं. किल्ली जाईना. "अरे मेल्या, आज कुलूप लागलं नाही तर मी बाहेर पडू कशी?" आत्या पदर खोचून उभी. मी घाबरून अजून मोठी चूक केली, काडीला फेविक्विक लावून तुकडा चिकटवून ओढायला गेलो. चावीवाला आला, डोळा लावून बघितलं आणि म्हणाला, "भाई, आमां शुं नाख्युं छे?" (यात काय घातलंय?) नवीन सिलिंडर बसला, माझ्या पैशांनी, आणि वरघोडा आत्याने त्या वर्षी गॅलरीतून ऐकला.

तुकडा तुटलाच तर गोंद नाही, किल्ली घालून अजून आत ढकलणंही नाही. प्लग आधी किल्ली निघते त्या सरळ स्थितीत आणा, भोक खाली करून कुलूप लाकडावर हळू आपटा, नाहीतर जिगसॉचं बारीक ब्लेड तुकड्याच्या बाजूने सरकवा, दाते बाहेरच्या दिशेला ठेवून, आणि ओढा.

कायद्याचंही थोडं बघून ठेवा. गुजरात पोलीस कायदा म्हणजे मूळचा १९५१ चा बॉम्बे पोलीस ॲक्ट, त्याच्या १२२ व्या कलमाप्रमाणे सूर्यास्त ते सूर्योदय या वेळात घरफोडीचं साधन जवळ सापडलं आणि त्याचं योग्य कारण देता आलं नाही तर गुन्हा होतो, आणि कारण सिद्ध करणं तुमच्या गळ्यात. त्यामुळे सेट घरी ठेवायचा, रात्री स्कूटरच्या डिकीत घेऊन सुरसागरला फेरी मारायला जायचं नाही.

खोलताना

ते दुसरं कुलूप खोलाल तेव्हा जेवणाच्या ताटात, खाली टॉवेल पसरून खोला, स्प्रिंगा उडतात आणि सोफ्याखाली गेलेली परत मिळत नाही. प्लग बाहेर काढताना मागून त्याच जाडीची काडी सरकवत जायची, मधे फट राहिली की वरच्या सगळ्या पिना खाली. प्रत्येक भोकाच्या पिना वेगळ्या वाट्यांत, क्रमाने. आणि मग परत बसवताना आधी दोनच पिना घाला, ते उघडायला लागलं की तीन. ही पद्धत मला दुसऱ्या वर्षी कळली, पहिल्या आठवड्यात कळायला हवी होती.

एक शेवटचं, दाराच्या सिलिंडरचं, कारण परवाच एकाने घाबरून फोन केला. पिकने उघडून प्लग अर्धा फेरा फिरवला की भोकाची खालची फट वर येते आणि ड्रायव्हर पिना तिच्यात पडतात, मग प्लग ना पुढे ना मागे. किल्लीने फिरवताना असं होत नाही कारण फट किल्लीने भरलेली असते. जोर लावू नका, पिना तुटतील. पट्टीवरचा ताण सोडा, पिकची सपाट बाजू त्या फटीत घालून पिना वर दाबून धरा आणि तशाच धरून प्लग सावकाश पुढे फिरवा, सुटतो.