पाळकाच्या टेबलावर पंचांगही असावे

पाळकीय सेवेत, म्हणजे चर्चचा धर्मगुरू म्हणून, येऊन मला एकवीस वर्षे झाली. दर उन्हाळ्यात ईश्वरविज्ञानाच्या अभ्यासक्रमाला जाऊ पाहणारी दोन-चार मुले-मुली भेटायला येतात आणि हल्ली त्यांच्यापैकी बहुतेकांचा प्रश्न एकच असतो: केवळ रविवारची उपासना चालवण्यापुरते न राहता समाजात आणि इतर धर्मीयांमध्ये काम करायचे असेल, तर त्याची तयारी कशी करावी? उत्तर देण्यापूर्वी मी त्यांना माझ्या पहिल्या मंडळीतील (म्हणजे स्थानिक चर्चमधील) एका पंगतीची हकिकत सांगतो.

नगर जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी माझी नेमणूक झाली होती. (जिल्ह्याचे नाव आता अहिल्यानगर झाले असले, तरी तोंडात अजून नगरच येते.) नाताळच्या आधी आमच्या महिला मंडळाने आसपासच्या गल्ल्यांतील स्त्रियांना दुपारच्या स्नेहभोजनाला बोलावले. पंचवीसेक जणी हौसेने आल्या, त्यांनी गव्हाणी पाहिली, लेकरांची गाणी ऐकली, आणि पाने वाढल्यावर मात्र त्या हात न लावता एकमेकींकडे पाहत बसून राहिल्या. वार गुरुवार होता आणि महिना मार्गशीर्ष. घरोघरी महालक्ष्मीचे घट मांडलेले होते, बायकांचे उपवास होते, आणि आम्ही त्यांच्यापुढे मटणाची बिर्याणी वाढली होती. केकमध्येही अंडे होतेच. शेवटी त्यांच्यातल्या एक आजी म्हणाल्या, “नुसता चहा टाका, पाळकसाहेब, काही मनाला लावून घेऊ नका.” हिंदू धर्माच्या पेपरात मला वर्गात सर्वाधिक गुण होते, हे मी त्या दिवशी कोणालाही सांगितले नाही. दुसऱ्या दिवशी कालनिर्णय विकत आणले, आणि तेव्हापासून मंडळीचा कोणताही कार्यक्रम ठरवताना ते समोर उघडे असते.

आता शिक्षणाविषयी. प्रॉटेस्टंट मंडळ्यांमध्ये साधारणपणे श्रीरामपूर विद्यापीठाची बी.डी. (बॅचलर ऑफ डिव्हिनिटी) ही ईश्वरविज्ञानाची पदवी ग्राह्य धरली जाते. हे श्रीरामपूर आमच्या जिल्ह्यातले नव्हे, तर बंगालमधले, जिथे मिशनरी विल्यम कॅरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1818 मध्ये महाविद्यालय काढले आणि ज्याला 1827 मध्ये डेन्मार्कच्या राजाकडून सनद मिळाली. पदवीधरांना चार वर्षे आणि बारावी झालेल्यांना पाच वर्षे लागतात. पुण्यातील युनियन बिब्लिकल सेमिनरी, जी 1983 पर्यंत यवतमाळला होती, तेथे हा अभ्यास करता येतो. मात्र प्रवेशासाठी आपल्या मंडळीची शिफारस आणि बिशपांची संमती लागते, म्हणून पाळकीय समितीशी वर्षभर आधी बोलून ठेवावे. कॅथलिक तरुणांचा मार्ग याहून बराच लांबचा असतो. पण 28 ऑक्टोबर 1965 रोजी दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने इतर धर्मांशी असलेल्या नात्याविषयी घोषणापत्र काढल्यापासून संवाद हा त्यांच्या घडणीचा मान्य भाग झाला आहे, आणि पुण्यातील स्नेहसदनासारख्या जेझुइट या कॅथलिक संघाच्या केंद्रात जाऊन बसण्याचा लाभ मला प्रॉटेस्टंट असूनही झाला.

अभ्यासाची सर्वांत मोठी अडचण भाषेची आहे आणि तिच्याबद्दल कोणी आधी सावध करत नाही. वर्गात सगळे इंग्रजीत शिकवले जाते, आणि बाहेर आल्यावर आपल्या तोंडी जी ख्रिस्ती मराठी असते ती फक्त आपल्याच लोकांना कळते. एका पतसंस्थेच्या वर्धापनदिनाला मला चार शब्द बोलायला बोलावले होते. मी मोठ्या तळमळीने ‘तारण’, म्हणजे पापापासून सुटका, या विषयावर बोललो. माझ्या मागच्या फलकावर ‘सोनेतारण कर्ज त्वरित मिळेल’ असे लिहिलेले होते, हे मला खाली उतरल्यावर दिसले. ‘मंडळी’ म्हटले की शेजाऱ्याला मित्रमंडळी आठवते, आणि ‘आत्मा’ या शब्दाचा त्याच्या मनातला अर्थ आपल्या मनातल्या अर्थाहून निराळा असतो. हे अंतर ओळखणारे लोक आपल्याकडे होऊन गेले आहेत. फादर थॉमस स्टीफन्स यांनी 1616 मध्ये गोव्यात रायतूर येथे छापलेले ख्रिस्तपुराण ओवीत लिहिले, ते इथल्या माणसाच्या कानाला ओवी ओळखीची होती म्हणून. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी अभंग रचले आणि कीर्तने केली, आणि 1917 मध्ये ‘देवाचा दरबार’ स्थापताना बाप्तिस्मा घेतलेल्या व न घेतलेल्या अशा दोघांनाही त्यात जागा ठेवली. टिळकांची गीते आपण दर रविवारी गातो, परंतु ज्या वारकरी परंपरेतून त्यांना ती चाल आणि तो शब्द मिळाला, तिच्या सप्ताहात तासभर बसून कीर्तन ऐकलेला पाळक मला क्वचितच भेटतो. हरिपाठ कधी होतो, बुवांच्या पाया पडण्याची वेळ आली की आपण नम्रपणे कोठे उभे राहावे, या गोष्टी मांडवातच शिकता येतात.

नव्या माणसाची सामान्य चूक अशी की तो आरंभीच इतरांना आपल्याकडे बोलावतो. सर्वधर्मीय कार्यक्रम, व्यासपीठ, शाल, श्रीफळ, फोटो. मीही ते पुष्कळ केले आणि त्यातून फारसे काही उगवले नाही. आपण आधी त्यांच्याकडे पाहुणे म्हणून गेले पाहिजे, आणि शक्य तर सणाला नव्हे, अडचणीला. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांना 2020 च्या उस्मानाबाद साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद मिळाले म्हणून सगळे ओळखतात; पण त्याच्या कितीतरी आधी ते हरित वसईच्या चळवळीत पाणी आणि जमीन वाचवण्यासाठी सर्व धर्मांच्या वसईकरांबरोबर रस्त्यावर उतरले होते. आमच्या गावात असाच दुवा दफनभूमीच्या कुंपणाने जोडला. कब्रस्तान लागूनच असल्याने दोन्ही समाजांचा अर्ज एकाच कागदावर गेला, आणि मुस्लिम जमातीच्या ज्येष्ठांबरोबर नगरपरिषदेच्या बाकावर घालवलेल्या त्या दुपारी कोणत्याही परिसंवादापेक्षा अधिक बोलणे झाले.

2017 मध्ये उत्तम शुक्रवार (गुड फ्रायडे) 14 एप्रिलला आला. दुपारी बारा ते तीन येशूने वधस्तंभावर काढलेल्या सात उद्गारांची आमची उपासना, आणि त्याच रस्त्याने भीमजयंतीची मोटारसायकल रॅली. आमच्या मंडळीतील अनेक घरे आणि जयंती समितीतील घरे एकाच भावकीची आहेत, फक्त काहींच्या आजोबांनी बाप्तिस्मा घेतला आणि काहींच्या वडिलांनी धम्मदीक्षा. 1950 च्या अनुसूचित जातीविषयक आदेशात शिखांचा समावेश 1956 मध्ये आणि बौद्धांचा 1990 मध्ये झाला, ख्रिस्ती मात्र बाहेरच राहिले. त्यामुळे चुलतभावांपैकी एकाच्या हाती दाखला आहे आणि दुसऱ्याच्या हाती नाही, हे शल्य दोन्ही घरांना ठाऊक असते. मी पंधरा दिवस आधी समितीच्या बैठकीला जाऊन बसलो. मी विषय काढण्याआधीच एक मुलगा म्हणाला, “तुमचं तीनपर्यंत असतं ना? मग आम्ही चारला निघू.” आमच्याच एका वडीलधाऱ्या सभासदाने मात्र, दुःखसहनाच्या दिवशी चर्चच्या दारात रॅलीतल्यांना सरबत कसले वाटता, असा आक्षेप घेतला. त्यांचे म्हणणे अगदीच निराधार नव्हते, म्हणून आम्ही सरबताऐवजी साधे पाणी ठेवले. या सेवेत निम्मी शक्ती आपल्याच माणसांची समजूत काढण्यात जाते, हे गृहीत धरून चालावे.

दोन सावधगिरीच्या सूचना. मदत आणि प्रार्थना यांची वेळ व जागा वेगळी ठेवावी. वह्यांच्या गठ्ठ्यात धर्मप्रचाराची पत्रिका सरकवू नये, आजाऱ्याने मागितल्याशिवाय त्याच्या उशाशी मोठ्याने प्रार्थना करू नये. संविधानाच्या अनुच्छेद 25 ने दिलेले धर्मस्वातंत्र्य आपल्याला आहे तसे शेजाऱ्यालाही आहे, आणि त्याच्या मनात शंका असेल तर तिचे उत्तर आपल्या वागणुकीतच द्यावे लागते. दुसरे, परदेशातील ओळखीच्या कोणी कामासाठी पैसे देऊ केले, तर ते स्वतःच्या खात्यावर कदापि घेऊ नयेत. त्यासाठी 2010 चा विदेशी अंशदान कायदा आहे आणि नोंदणीकृत संस्थेलाच ते घेता येतात. मानधनाचा आकडा आणि राहण्याची सोय मात्र संकोच न करता आधीच विचारून घ्यावी.

प्रवेशाचा अर्ज भरण्यापूर्वीच्या वर्षात एक सप्ताह, एक जयंती आणि एक रमजान जवळून पाहून घ्या. मुलाखतीत त्याविषयी बहुधा कोणी विचारणार नाही, पण पहिल्या मंडळीत रुजू झाल्यावर पंधरवड्याच्या आत कोणीतरी दारात येऊन वर्गणीचे पावतीपुस्तक पुढे करील, आणि तेव्हा विचार करायला वेळ नसेल.