मोहल्ला कमिटीच्या पहिल्या बैठकीआधी

सण तोंडावर आला की पोलीस ठाण्यातून शांतता समितीच्या बैठकीचा निरोप येतो. तीच दहा-बारा तोंडं, तेच हारतुरे, 'आमच्याकडे सगळे गुण्यागोविंदाने राहतात' हे तेच वाक्य, वर वडापाव. ती बैठक होते तशी होऊ द्या. गल्लीतली माणसं आणि बीटचे अंमलदार, म्हणजे आपल्या भागाला नेमलेले पोलीस, यांची खरी बैठक, म्हणजेच मोहल्ला कमिटीची, घ्यायची असेल तर ती साध्यासुध्या महिन्यात घ्या, गटार तुंबलंय हे निमित्त पुरेसं आहे.

हे मी भिवंडीच्या भरवशावर म्हणतो. १९७० आणि १९८४ च्या दंगलींनी पोळलेल्या त्या गावात १९८८ मध्ये पोलीस उपायुक्त म्हणून आलेल्या सुरेश खोपडे यांनी मोहल्ला कमिट्या उभ्या केल्या. पुढाऱ्यांच्या मागे न लागता त्यांनी गल्लीतली साधी हिंदू-मुसलमान माणसं एकत्र बसवली, आणि रोजच्या तक्रारींवर त्यांना बोलतं केलं. डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ मध्ये मुंबई पेटली, भिवंडी शांत राहिली. मुंबईत असं काम मोठ्या प्रमाणावर सुरू झालं ते दंगलीनंतर: माजी पोलीस आयुक्त ज्युलिओ रिबेरो, तेव्हाचे आयुक्त सतीश साहनी, शांततेसाठी काम करणाऱ्या कार्यकर्त्या सुशोभा बर्वे यांच्या मोहल्ला कमिटी चळवळीतून. तिथे क्रिकेटचे सामनेसुद्धा कामाला आले.

तर पहिली तयारी माणसांची. अध्यक्ष, माजी अध्यक्ष, भावी नगरसेवक हे न बोलावता येतात, त्यांची काळजी नको. यादीत घालायचा तो पहाटे चारला फिरणारा दूधवाला, रिक्षा स्टँडवरचा सर्वांत जुना चालक, मेडिकलवाला, अंगणवाडीच्या ताई, भंगारवाला, आणि रात्रपाळीचा वॉचमन. गल्लीत रात्री कोण नवीन दिसतंय हे यांना माहीत असतं, आपण तर त्या वेळी घोरत असतो. बायकांना बोलवायचं म्हणजे नुसतं 'महिलांनीही यावे' असं फलकावर लिहून भागत नाही. रात्री आठची वेळ ठेवली की त्या येत नाहीत, पोळ्या कोण लाटणार? दुपारी चारला ठेवा. शुक्रवारची दुपार टाळा, आरतीची आणि नमाजाची वेळ टाळा. जागा देवळाची नको, मशिदीची नको, कुठल्या मंडळाच्या किंवा पक्षाच्या कार्यालयाची तर नकोच. महापालिकेच्या शाळेचा वर्ग सगळ्यात बरा. बाकं गोल लावा. व्यासपीठ आलं की भाषण आलंच.

वरिष्ठ पोलीस निरीक्षकांच्या नावाने पत्र द्या, पोच घ्या, पण पत्रात बीटच्या अंमलदारांना पाठवण्याची विनंती स्पष्ट लिहा. मोठे साहेब आले तर आनंदच, मात्र ते पुढच्या वर्षी दुसरीकडे असतील, गल्लीत रोज मोटारसायकल फिरवणारे दादा किंवा ताई जास्त कामाच्या. मोर्चा, मंत्र्यांचा दौरा, क्रिकेटचा सामना असा बंदोबस्त त्या दिवशी नाही ना, हे फोन करून विचारा.

आता दोन रात्री पायी फिरायला काढा. दहानंतर, दोघा-तिघांनी, वही घेऊन. 'आमच्याकडे अंधार असतो' या तक्रारीचं पुढे काही होत नाही. 'शाळेच्या मागच्या भिंतीजवळच्या तीन खांबांवरचे दिवे बंद, खांबांचे क्रमांक हे' असं लिहिलं की होतं. दिवे पोलीस लावत नाहीत, म्हणून प्रभाग कार्यालयाच्या विद्युत विभागातल्या माणसालाही त्याच बैठकीला बोलवा, नाहीतर दोन तास गेल्यावर 'हे आमच्याकडे येत नाही' एवढंच ऐकाल. कॅमेरे मोजतानाही नुसते मोजू नका, आत जाऊन पडदा बघा. आमच्या एका किराणा दुकानातला कॅमेरा बारा तास मागे चालत होता. मंगळवारच्या दुपारी चोरी झाली आणि पडद्यावर दिसली मंगळवारची पहाट. किती दिवसांचं चित्रण राहतं, घड्याळ बरोबर आहे का, मालक नसताना ते कोण काढून देईल, एवढं लिहून ठेवा.

नावांबद्दल मात्र जपून. पहिल्या वर्षी आमच्याकडे एका बाईंनी भर बैठकीत गर्द, म्हणजे अमली पदार्थ, विकणाऱ्या पोराचं नाव घेतलं. संध्याकाळच्या आत ते त्याच्या कानावर होतं, आणि पुढच्या बैठकीला बाई आल्याच नाहीत. दोष त्यांचा नव्हता, आमचा होता. तेव्हापासून दाराशी एक बंद डबा ठेवतो, चिठ्ठी टाका, नाव नको. डबा सगळ्यांसमोर फोडायचा नाही, थेट अंमलदारांच्या हातात. घरातली मारहाण, नवरा-बायकोचं भांडण, मुलीमागे लागलेला कुणी, हे विषयही बैठकीत आणायचे नाहीत. जिचा प्रश्न असेल तिला सोबत घेऊन ठाण्यात जायचं.

अफवांसाठी वेगळा वेळ राखून ठेवाच. १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात मुलं पळवणारी टोळी समजून पाच भिक्षेकऱ्यांना जमावाने ठार मारलं. नाथपंथी डवरी गोसावी समाजाची ती माणसं. मोबाइलवर फिरलेल्या मजकुराचं ते फळ होतं. म्हणून गल्लीच्या व्हॉट्सॲप गटात 'अनोळखी इसम फिरतोय' असं आलं की पुढे पाठवण्याआधी कुणाला फोन करायचा, ती दोन नावं बैठकीआधीच ठरवा, एक या बाजूचं, एक त्या बाजूचं. रात्रीच्या गस्तीची हौस पोरांना फार. नावं ठाण्यात देऊन, शिट्टी-बॅटरी घेऊन फिरू द्या, काठ्या घरी. संशय आला तर लांब थांबून पोलिसांना ११२ वर फोन, हात कुणी लावायचा नाही. हे त्यांच्याकडून आधी वदवून घ्या.

भाडेकरूंची माहिती ठाण्यात देण्याचा विषय निघणारच. निघू द्या, पण सगळ्यांच्या भाडेकरूंची. ठरावीक आडनावांचीच चौकशी सुरू झाली तर पुढची बैठक विसरा.

एका कागदावर मोठ्या अक्षरात छापून न्या: ११२, मुलांसाठी १०९८, ऑनलाइन फसवणुकीसाठी १९३०. त्याखाली बीट चौकीचा फोन, तो लागतो का हे आधी लावून बघून. मंडळांची पोरं येणार असतील तर ध्वनिक्षेपकाचा नियमही लिहा, रात्री १० ते सकाळी ६ बंद. राज्य सरकार वर्षात जास्तीत जास्त १५ दिवस १२ वाजेपर्यंत सवलत देऊ शकतं, ते दिवस कोणते याची प्रत ठाण्यातून मागून घ्या, म्हणजे ऐन मिरवणुकीत वाद नको.

इतिवृत्त टाइप करत बसू नका. एक लांब वही, तीन रकाने: काय, कोण, कधीपर्यंत. बैठक संपताना अंमलदारांची सही आणि पुढची तारीख घेतल्याशिवाय कुणाला उठू देऊ नका. साहेब बदलले की हीच वही नव्या साहेबांना दाखवायची, नाहीतर दर वेळी रामायण पहिल्यापासून.

चहा स्टँडवरच्या टपरीला सांगा, वर्गणी नको, ज्याचा त्याने द्यावा. शाल-श्रीफळ कुणी आणलंच तर गोडीने बाजूला ठेवा. आणि बैठक रविवारी असेल तर शाळेची किल्ली शिपायाकडून शनिवारी रात्रीच घेऊन ठेवा, रविवारी तो गावी जातो.